पुण्याचे प्रकाशक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, वसतिगृहातल्या सोबत्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही नीट कळत नाही. पण सुरुवात केली आहे, तर आता थांबू नये.

माझं कवितांचं एक लहानसं पुस्तक आहे. पहिल्या पानावर पुण्याच्या एका प्रकाशनाचं नाव आहे. ते प्रकाशन—कसं सांगू—कुठंच नाही. पुण्याच्या खऱ्या प्रकाशकांनी माझ्या कविता साभार परत केल्या होत्या. मग स्कॉलरशिपच्या पैशातून मी पुस्तक सोलापुरात छापून घेतलं, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात. मालकानं विचारलं, "प्रकाशक कोण लिहू? तुमचंच नाव? मग इकत कोण घेणार, तुमची आई?" आईला वाचता येत नाही. आमच्या घरात शाळेत गेलेला मीच पहिला. मी घाबरलो आणि सुचेल ते नाव सांगितलं.

एवढंच असतं तर? पण एवढंच नव्हतं.

जळकोटला माझे गुरुजी आहेत. निजामाच्या अमलात शाळा उर्दूत चालायची, तेव्हा मधल्या सुट्टीत ते आम्हाला मराठीत गोष्टी सांगत. विलीनीकरणानंतर त्यांनी त्या लिहून काढल्या. माझं पुस्तक ते पारावर सगळ्यांना दाखवत होते, "बघा, पुण्यानं छापलंय! ते लोक कुणालाबी छापत न्हाईत." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "शिवा, खरं सांग. मी आपलं सोलापुरातच स्वतः छापू का? थोडी रक्कम हाय जवळ. हसतील का रं लोक?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्यात—गुरुजी, मीही तसंच केलंय. त्यांनी पाठीत धपका घातला असता आणि हसले असते. मी काय म्हणालो?

"स्वतः छापलेल्याला किंमत नसते, गुरुजी. माझ्या प्रकाशकांकडं पाठवतो."

माझे प्रकाशक!

गुरुजींच्या गोष्टींचा गठ्ठा माझ्या ट्रंकेत पडून राहिला. खऱ्या प्रकाशकांकडं तरी पाठवायचा—तेही केलं नाही. त्यांनी घेतला तर? ही भीती होती. हो, हीच.

दिवाळीच्या सुट्टीत गठ्ठा परत नेला. "नको म्हणाले," मी सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "का रं?" कारण मी ठरवलंच नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो, "भाषा गावठी वाटली त्यांना."

गुरुजी थोडं हसले. "व्हय, तेवढं खरं हाय की," म्हणाले. आणि मलाच चहा पाजला.

परवा गावी गेलो, तर धाकट्या बहिणीच्या हातात एक पाठकोरा कागद होता. एका बाजूला तिची गणितं, दुसऱ्या बाजूला गुरुजींचं अक्षर.

"गुरुजी समद्यास्नी देत्यात," ती म्हणाली. "लई कागद हायती त्यांच्याकडं."

गठ्ठा ट्रंकेत टाकण्याआधी मी त्या गोष्टी वाचल्या होत्या. सगळ्या. चांगल्या होत्या—माझ्या कवितांहून पुष्कळ चांगल्या. आजवर त्या वाचलेला माणूस एकटा मी. आणि नको म्हणणाराही मीच.