शेणाने सारवलेली भेग

मातीतलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं आमच्या थोरल्या चुलत्याला वाटतं. गावालाही तसंच वाटतं, कारण वेगळं काही वाटून घ्यायचे कष्ट गावाला नको असतात.

ताडकळसच्या अलीकडे आमचं गाव. ओढ्याच्या काठाला दोन पुरुष उंच पांढऱ्या मातीची दरड आहे. कोरडी असली की भिंतीसारखी सरळ उभी राहते, आणि पाणी मुरलं की चहात बिस्कीट बसावं तशी बसते. पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, घालायला सगळं गाव हीच माती नेतं. ती वरून खणता येत नाही, कारण वर चुलत्याचं शेत आहे आणि त्याचा बांध म्हणजे देव. म्हणून बायका पायथ्याशी खणतात. वर्षानुवर्षं खणून तिथे गुहाच झाली होती. खालच्या मातीचं माळवद गळत नाही, हे ज्ञानही चुलत्याचंच.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याने वर भुईमूग केला आणि पाण्यासाठी तुषार, म्हणजे फिरते फवारे, लावले. मी शेतात गेलो तर काठापासून दोन हातांवर लांबलचक भेग पडलेली, आणि पाणी सरळ तिच्यात उतरत होतं.

"काका, पाणी बंद करा. खाली बाया माती काढायल्यात."

"आरं, डिप्लोमा केलास म्हणून मातीला शिकवायलास का?" त्याने काठीने जमीन ठोकली. "ठणठणीत हाय."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भेग गायब. त्याने ती बुजवून वरून शेणाने सारवली होती. अगदी नीट, ओसरी सारवावी तशी. तुषार चालूच होते. शेणाने दरड सांधणारा हा माणूस माझ्या रक्ताचा आहे, याची मला लाज वाटली.

घरी येऊन आईला म्हणालो, "यंदा माती नको. मी पत्रे टाकतो."

"भावजींनी बघितलंय की," ती म्हणाली. "त्यांला कळंना आन् तुला कळायलंय?"

माझं डोकं फिरलं. करा काय करायचं ते, म्हणालो आणि मोबाईल घेऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरड बसली. तेव्हा तिथे आई एकटीच होती, आणि भरलेली टोपली घेऊन नुकती गुहेबाहेर आली होती, म्हणून जिवंत राहिली. माती अंगावर पडली, असं आपण म्हणतो. ही पडली नाही, तिने धडक दिली. आईला वाटेपलीकडच्या बाभळीवर नेऊन आपटलं. तिचं कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. चुलता धावत आला आणि आधी ओरडला, "माझा बांध गेला!"

संध्याकाळपर्यंत गावाने ती माती उचलून नेली. आयती मिळाली, खणायची दगदग वाचली. परभणीच्या दवाखान्यातून मी परतलो तर चुलत्याने आमच्या दारातही ट्रॉलीभर ओतली होती.

"लय झ्याक माती निघाली बघ," म्हणाला.

पाऊस तोंडावर होता आणि पत्र्यांचं राहून गेलं होतं. मी तीच माती वर चढवली, पसरली आणि चोपून चोपून घट्ट केली. चुलत्याला मी अजून मूर्ख म्हणतो. भेग आम्हा दोघांनाही दिसली होती. त्याने शेण लावलं, मी मोबाईल घेतला.

आई आता त्या माळवदाखाली खाटेवर पडून असते. यंदाच्या झडीत तिने वर पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "एक थेंब न्हाई. भावजी म्हणले तेच खरं."

मीही वर पाहिलं. खरंच गळत नव्हतं.