गिलाव्याखालचा कान

गावात त्याला दोन नावं होती. प्रार्थनाघरात तो एलिया. घरी, आईसाठी, पेतेहाथोर, म्हणजे हाथोर देवीने दिलेला. धंद्याने पाथरवट. गिलावाही करायचा.

"बाप्तिस्मा झाला आई. नाव बदललंय माझं."

"मग आईही दुसरी शोध," ताबेस म्हणायची आणि मसुराची वाटी त्याच्यापुढे सरकवायची.

हाथोरच्या देवळात पुजाऱ्यांशिवाय आत कुणी कधी गेलं नव्हतं. बाकीच्यांसाठी मागची भिंत होती. तिच्यावर देवीचा कान कोरलेला. त्याला तोंड लावायचं आणि बोलायचं. बायकांच्या गालांनी कानाची पाळी गुळगुळीत झाली होती. ताबेसने लग्न, बाळंतपणं, नवऱ्याचं मरण, सगळं तिथे सांगितलं होतं. पुजारी गेले, दार बंद झालं, तरी नदीवरून पाणी आणताना ती तिथे थांबायचीच.

"आई, देव एकच आहे. त्याला कुठूनही ऐकू येतं."

"असेल बाबा. पण एकट्याने अख्ख्या गावाचं ऐकायचं? तुझ्या आपांना तर एका वेळी दोन बायकांचं ऐकवत नाही."

त्याला हसू आलं. प्रार्थनाघराचे वडील, आपा हत्रे, खरंच जड कानाचे होते.

त्याच आपांनी पुढे ते देऊळ प्रार्थनाघरासाठी घेतलं. पेतेहाथोरला बोलावून म्हणाले, "एलिया, मागचा तो कान छिन्नीने काढून टाक."

"दगड ठिसूळ आहे आपा. भिंत हलेल. वरून गिलावा करतो."

दगड ठिसूळ आहे हे त्याने मनचंच ठोकून दिलं होतं. आपांनी मान डोलावली.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "आधी मातीचा पातळ हात देतो. मग गिलावा दगडाला धरत नाही. दिवस पालटले की सालीसारखा निघेल. कान तसाच राहील."

"शब्द दे."

त्याने दिला.

कामाच्या दिवशी गाव जमलं. कालवलेल्या मातीची पाटी त्याने गोणपाटाखाली झाकून आणली होती.

"काय एलिया, थांबलास का?" तेलाच्या घाण्यावरचा पमून ओरडला. "कान चावतो की काय?"

लोक हसले.

"आणि पाटीत काय लपवलंयस रे?"

मातीचा हात कशासाठी देतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आपली घरं त्यांनीच बांधली होती.

"काही नाही," पेतेहाथोर म्हणाला. पाटी पायाने बाजूला सारली. ओला चुना उचलला आणि थेट कानावर थापला.

संध्याकाळी आईने विचारलं, "मातीचा हात दिलास ना?"

"दिला."

त्यानंतरही ती जात राहिली. पांढऱ्या भिंतीला तोंड लावून पुटपुटायची. वर त्यानेच रंगवलेला क्रूस होता. आपा हत्रे खूश झाले. "तुझी आई वळली रे आपल्याकडे," म्हणाले.

मरताना ताबेसने त्याचा हात धरला. "मी गेले हे देवीला तू सांग. गिलावा काढून, नीट कानात सांग. तिचं नाव आहे तुझ्यात. तुझं ऐकेल."

तिला पुरून आल्यावर, भर दुपारी गाव झोपलेलं असताना, तो पातळ पातं घेऊन गेला. गिलाव्याच्या कडेत पातं सरकवलं. तो एका तुकड्यातच सुटला. त्याने तो उलटा केला. आतल्या बाजूला कान होता. पाळीसकट, चुन्याला चिकटून आलेला. भिंतीत नुसता खळगा.

दगड ठिसूळच होता.

त्याने बोट लावलं. पाळीचा भुगा होऊन त्याच्या पायांवर सांडला.

त्याने खळग्यापाशी तोंड नेलं. आई गेली एवढंच सांगायचं होतं. ते त्याला सांगता आलं नाही.

मग त्याने नदीवरून पाणी आणलं, माती कालवली. खळग्याला आतून मातीचा पातळ हात दिला, कुठे राहिला नाही ना हे बोटांनी चाचपून पाहिलं. आणि वरून गिलावा केला.