चावडीबाहेरचं ओलं फडकं

आमच्या सासूबाईंचं एक फडकं होतं. जुन्या लुगड्याचं, हातभर लांब, कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं. हिवाळ्यात देवी टोचणारा धरणगावला आला की त्या ते फडकं घेऊन चावडीबाहेर उभ्या राहायच्या. सरकारचं काम; नाही म्हणायची सोय नव्हती. पोर नेलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाटील दारात यायचा. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी मोठी अक्कल लढवली होती. पोराला टोचून घ्यायचं, गुपचूप बाहेर यायचं, आणि चावडीचा कोपरा वळला की त्याचा दंड खसाखसा पुसून टाकायचा. वरून शेणाचं बोट लावायचं. म्हणजे सरकारही खूश आणि देवीही खूश! वासराच्या अंगातला पू लेकराच्या अंगात घातला तर देवी कोपते, असं त्यांचं म्हणणं.

माझी मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हा तिलाही असंच पुसलं. मी सासूबाईंचा हात धरला. "हात सोड व!" म्हणून त्या अशा खेकसल्या की भोवतालच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नवी सून, हिला काय कळतं! थोरल्या जावेच्या मुलालाही दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच फडक्यानं पुसलं होतं. ती मान खाली घालून उभी होती. मला तिचाही राग आला.

आम्ही घरात बोलायचो ती अहिराणी. इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे, पण काही बोलणी कानात तशीच राहिली आहेत, ती तशीच येतील.

आता मला तरी काय मोठं ज्ञान होतं? काही नाही. माझं माहेर सोनगीरचं. वडील तांब्यापितळेची भांडी घडवायचे. त्यांनी आम्हा सगळ्या भावंडांना टोचून घेतलं होतं आणि टोचलेल्या जागेला कुणाला हात लावू दिला नव्हता. पुढे सोनगीरला देवीची साथ आली. आमच्या घराच्या डाव्या हाताला पोर गेलं, उजव्या हाताला पोर गेलं, आम्ही मधल्या घरात धडधाकट. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि हेही पाहिलं होतं की जिथे बायका समाचाराला जात, तिथून त्या देवी आपल्या घरी घेऊन येत. बस, एवढंच. पण सासरी हे सांगायला गेलं की पालथ्या घड्यावर पाणी.

चैत्रात जावेच्या मुलाला ताप भरला. साडेतीन वर्षांचं पोर. मला 'काकू काकू' करत दिवसभर मागे फिरायचं, माझ्या मुलीच्या मुठीत आपलं बोट घालायचं आणि तिनं घट्ट धरलं की खिदळायचं. दोन-तीन दिवसांनी त्याच्या कपाळावर पुरळ उठलं, मग तोंडभर. सासूबाईंनी हात जोडले, दाराला लिंबाचे टहाळे बांधले, आणि आमच्या घराचं देऊळ झालं.

देऊळ म्हणजे खरंच देऊळ हो! फोडणी बंद, पायताण बंद, आणि दार सताड उघडं. कोणीही यावं. देवी आली आहे म्हटल्यावर गल्लीतली प्रत्येक बाई दहीभात घेऊन, नारळ घेऊन, कडेवर आपलं पोर घेऊन येणार. समोरच्या मारवाड्याची शेठाणी आदल्या दिवशीचं गार अन्न ताटात घेऊन आली, कारण त्यांच्याकडे देवीला शिळं लागतं. सगळ्या जणी पोराच्या अंथरुणावर टेकायच्या, त्याच्या कपाळाला हात लावून तो हात आपल्या पोराच्या तोंडावरून फिरवायच्या. जाताना उशाशी ठेवलेल्या नैवेद्यातला घास आपल्या पोराच्या तोंडात घालायच्या. का, तर देवीनं आपल्या घरी यायचंच असेल तर हलक्या हातानं यावं. पाहून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी सासूबाईंना म्हटलं, "माय, दार लोटून घेऊ या. निदान लहान पोरं आत नको."

"देवी घरमा शे. दार लावानं नही," त्या म्हणाल्या.

आबांकडे गेले, म्हणजे सासऱ्यांकडे. ते म्हणाले, दार लावलंस तर ती खिडकीतून येईल. आमच्या ह्यांना सांगितलं. हे जिनमध्ये कापूस तोलायचे. डोक्यावरची रुई झटकत म्हणाले, बायकांचं बायकांनी बघावं. बघावं तर बघावं! कोणी बघू देईल तर ना! माझी पोर पुसलेली, तिच्या अंगावर टोचल्याची खूण नाही, आणि पलीकडच्या खोलीत देवी. ह्या घरात अजून आठ दिवस राहिलो तर ही माझ्या हातातून जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि तो पोरगा आतून हाका मारत होता, "काकू, बाळ दाखव ना. काकू!" मी भिंतीला टेकून रडत उभी राहायचे आणि ओ द्यायचे नाही.

शेवटी मला रागातच सुचलं. ह्यांना रोग कळत नाही ना? मग ह्यांना जे कळतं तेच सांगावं.

बाई महिन्याची बाहेर बसते, चार दिवस कोणाला शिवत नाही, हे तेव्हा घरोघरी होतं. पण देवी घरात असली की बाहेर बसलेली बाई ओसरीवरसुद्धा चालत नाही. तिची सावली पडली तरी देवी खवळते म्हणतात. तिला घरापासून लांबच ठेवायचं. मी सकाळी अंगणात उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "मी बाहेर आहे."

काय सांगू! आठ दिवस घसा फोडून सांगितलं ते कोणाच्या कानात शिरलं नव्हतं, आणि ह्या एका वाक्यावर अख्खं घर बाजूला सरकलं. सासूबाईंनी लांबूनच घोंगडी टाकली. अंगावर पिणारी पोर माझ्यासोबत, आणि आम्ही दोघी गल्लीच्या टोकाला कडब्याच्या खोपटात. तिथे कोणी यायचं नाही. जाऊ दुरून भाकरी ठेवायची, माझ्याकडे एकदा बघायची आणि निघून जायची.

चार दिवस सरले. मी म्हटलं, अजून आहे. पाचव्या दिवशी तेच, सहाव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी सासूबाई स्वतः आल्या, हातात वाटी घेऊन. वाटीत दहीभात, त्यावर अंगारा. भाताला एका बाजूनं घास काढलेला दिसत होता. त्या पोरानं खाल्लेला.

"पोरीच्या तोंडाला लाव," त्या म्हणाल्या. "देवीचा प्रसाद आहे."

मी नाही म्हटलं. हात जोडले. म्हटलं, माय, तुमची नात आहे, तिला हे नका देऊ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नातीवर त्यांचा जीव नव्हता असं नाही, हेच तर डोकं फिरवणारं होतं! जीव होता म्हणून त्या ती वाटी घेऊन उन्हातून आल्या होत्या. "तू राहू दे, मीच भरवते," म्हणून त्या वाकल्या. पोर घोंगडीवर पालथी पडून हसत होती. त्यांनी भात बोटावर घेतला.

मी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

क्षणभर त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि अशी किंकाळी फोडली की गल्ली गोळा झाली. विटाळशीनं देवीच्या प्रसादाला हात लावला! वाटी धुळीत पडली. एक कुत्रं आलं आणि भात चाटून गेलं. आता ह्या आंघोळ केल्याशिवाय घरात जाऊ शकत नव्हत्या, आणि तो भात कोणाच्याच पोराच्या तोंडात जाणार नव्हता. मला हुंदका आला, आणि खरं सांगते, हसूही आलं.

त्याच दिवशी निकाल लागला. हिला माहेरी धाडा, घरात ठेवू नका. मला दुसरं काय हवं होतं! आमचे हे स्टेशनावर आले आणि गाडीत बसवून गेले. नरडाण्याला उतरून बैलगाडीनं सोनगीरला पोचले. आई धावत आली, तर मी लांबूनच ओरडले, "आई, शिवू नको! आमच्या घरी देवी आहे. मी शेळ्यांच्या छपरात राहते."

आई रुसली. माहेरी येऊन लेक शेळ्यांत राहते, लोक काय म्हणतील? इथेही तेच गुऱ्हाळ! पण वडिलांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, राहू दे तिला तिथेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जुंपून आम्हाला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. पोरीला टोचलं. ह्या वेळी कोणी फडकं घेऊन उभं नव्हतं. तिच्या दंडावर फोड आला, चांगला टपोरा, ताप भरला, आणि पुढे खपली पडली. पंधरवडा उलटला तरी बाकी अंगावर काही उठलं नाही, तेव्हा कुठे मी तिला आईच्या मांडीवर दिली.

मग धरणगावहून सांगावा आला. जावेचा मुलगा गेला. गल्लीतली आणखीही पोरं गेली होती. तो मला शेवटपर्यंत हाका मारत होता का, हे मी विचारलं नाही. आजही मला ते ऐकायचं नाही.

पावसाळा लागल्यावर परत गेले तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "बठ्ठं तुनामुये व्हयनं." सगळं तुझ्यामुळे झालं. तुझा विटाळ देवीला लागला. पुढची दोन वर्षं मी हेच ऐकलं. पाणी भरताना, दळताना, शेजारणींसमोर, पाहुण्यांसमोर. ह्यांनीही ऐकलं आणि उठून जिनला गेले. माझ्या जिभेवर कितीदा आलं की अहो, मी बाहेर नव्हतेच! पण सांगितलं असतं तर बाहेर नसताना प्रसाद उडवला म्हणून दुप्पट खापर फुटलं असतं. जाऊ कधी काही बोलली नाही. माझ्या बाजूनं नाही, विरुद्ध नाही. माझ्या मुलीकडे मात्र बघायची. ते मला सोसायचं नाही.

मग जावेला पुन्हा मुलगा झाला. त्या हिवाळ्यात देवी टोचणारा आला आणि आम्ही सगळ्या चावडीवर गेलो. सासूबाई बाहेर, हातात ते फडकं, निथळणारं. दोन वर्षांत गल्लीतली एवढी पोरं पुरली, तरी फडकं होतंच! माझ्या डोक्यात अशी सणक गेली की ते हिसकावून चावडीच्या कौलांवर फेकावं. टोचून झाल्यावर जावेनं एकदम आपलं बाळ माझ्या हातात दिलं. मला वाटलं, पदर सारखा करायचा असेल.

आम्ही बाहेर आलो. सासूबाई पुढे झाल्या. तशी जाऊ आमच्या मध्ये उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय, शिवू नको, ती बाहेर शे!"

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. फडक्यातलं पाणी त्यांच्या पायावर गळत होतं. मी तर नव्हतेच बाहेर. त्या दिवशीही नाही, आणि त्या चैत्रातही नाही. मी जावेकडे बघत राहिले.

घरी जाताना सासूबाई मागे राहिल्यावर मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माले समजस नही का?" ती म्हणाली. "एक घरमा ऱ्हातस आपन. तुझं महिन्याचं मला माहीत नसेल? मी बोलले असते तर तुला घरातच ठेवून घेतलं असतं. माझं मला वाचवता येईना, तुझी तरी जाऊ दे म्हटलं."

माझा राग उफाळून आला. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, "मग दोन वर्षं ह्या मला सोलून काढत होत्या तेव्हा दातखीळ बसली होती का तुझी, अक्का? एकदा तरी बोलायचंस!"

ती थांबली. माझ्याकडे न बघता, माझ्या हातातल्या आपल्या बाळाच्या दंडाकडे बघत म्हणाली, "तुझ्यावर नसता आला, तर बोल माझ्यावर आला असता. देवीचं नीट केलं नाही म्हणून पोर गेलं, असं म्हटलं असतं. मला ते पेललं नसतं ग. तुला पेललं. तुझी पोर होती ना तुझ्याजवळ."

मी बाळाचा दंड सांभाळत पुढे चालू लागले. घराच्या ओट्यावर लिंबाच्या सावलीत आम्ही दोघी बसलो. बाळ माझ्या मांडीवर, त्याचा दंड उघडा, वर ओली खूण. सासूबाई मागून आल्या, फडकं घेऊन समोर उभ्या राहिल्या, आणि मी बाहेर आहे म्हणून पुढे येईनात. ती खूण पुरती वाळेपर्यंत जावेनं माझा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता.