अडतीस भागीदार

मी शाळेत मराठी शिकवत होते आणि कागदावर एका कंपनीची संचालिकाही होते. मिस्टरांची एमआयडीसीत लहानशी फौंड्री होती, ट्रॅक्टरचे भाग ओतायची. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक लागतात, म्हणून दुसरी मी.

दोन हजार साल उलटल्यावर मोठी भट्टी घ्यायचं ठरलं. बँक वर्षभर "बघू" म्हणत राहिली. मिस्टर म्हणाले, "आपली माणसं हायत की! शेअर देऊ, मालक करू त्यास्नी."

निवेदन मीच लिहिलं. ‘आपल्या माणसांच्या उद्योगात भागीदार व्हा. चांगला परतावा खात्रीने मिळेल.’ झेरॉक्स काढून आमच्या स्टाफरूममध्ये, मिस्टरांच्या तालमीत, मुरगूडच्या पाहुण्यांत वाटल्या. अडतीस जणांनी शेअर घेतले. पहिले आमचे चित्रकलेचे सर.

भट्टी बसली, ऑर्डरी आल्या. वर्षअखेरीला ऑडिटरनी ती झेरॉक्स पाहिली आणि आम्हाला कंपनी कायद्याच्या एका सल्लागारांकडे धाडलं. त्यांनी ती दोनदा वाचली.

"वहिनी, हे किती जणांना दिलं?"

"अडतीस. पन्नासच्या आतच आहेत," मी म्हणाले. पन्नासची मर्यादा मला ऐकून ठाऊक होती.

"घेतले किती जणांनी, ते न्हाय विचारत. विचारलं किती जणांना?"

झेरॉक्स शंभराच्या वर होत्या.

"पन्नास जणांना देऊ केलं की ती जाहीर विक्री झाली. त्याला माहितीपत्रक लागतं, धंद्यातले धोके लिहून द्यावे लागतात. प्रायव्हेट कंपनीला लोकांना असं आवतणच देता येत न्हाय. आणि खात्रीने? शेअरमध्ये खात्री कसली?"

"मी राजीनामा देते," माझ्या तोंडून निघून गेलं.

"द्या. पण त्या कागदावर सही तुमची हाय. झाल्या गोष्टीतनं राजीनाम्यानं सुटका न्हाय."

सगळ्यांचे पैसे परत करायचे, मग आपणच चूक कबूल करून दंडावर मिटवायचा अर्ज सरकारकडे करायचा, असं ठरलं. निकाल लागेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असं सल्लागारांनी बजावलं. आम्ही घरासाठी घेतलेला प्लॉट विकला आणि चेक लिहिले.

सरांनी चेक हातात धरला, पण खिशात घातला नाही. "भट्टी चालू झाली आणि आमाला भाईर काढताय व्हय, बाई? अडचणीत होता तवा आमी चाललो."

स्टाफरूममध्ये सगळे ऐकत होते. "तसं नाही सर," एवढंच मी म्हणाले. खरं सांगितलं तर कायदा मोडल्याची कबुली, आणि गप्प बसले तर लबाड. दुसऱ्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीतही वर्गातच बसू लागले. बदली मागावी तर संस्थेची दुसरी शाळा नव्हती. घरी मिस्टर भट्टीचं बोलायला लागले की मी उठून आत जायची.

अर्जाचा निकाल लागायला दीड वर्ष गेलं. दंड झाला, आम्ही भरला. त्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये उभी राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

सर शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "हे तवाच सांगायचं हुतं की."

"सांगू नका असं बजावलं होतं, सर."

"शेअर घ्या म्हणून सांगायला कुणाला इचारलं हुतं?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे, पण फक्त वेळापत्रकाचं आणि परीक्षांचं.