पिकअपचा क्लच

ह्यांच्या अंगावरून वारं गेलं, त्याच्या आधीपासूनच आमच्या पिकअपचा क्लच घसरत होता. भरलेली गाडी वेल्ह्याच्या चढाला लागली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही आणि जळका वास सुटायचा. नवी क्लचप्लेट ह्यांनी आणूनही ठेवली होती. मग दवाखाना सुरू झाला आणि गाडी उत्रोलीत आमच्या अंगणात उभी राहिली. हे घरी आले ते डावी बाजू लुळी घेऊनच. बोलणंही जडावलं होतं.

भाताची झोडणी उरकल्यावर एकदा ते माझ्या दिरांना म्हणाले, "आरं, प्लेट बसवून टाकू. म्या सांगतो, तू कर."

"मिस्तरीला बोलवू की, दादा."

"न्हाई. हितंच. घरी."

सुट्टीच्या दिवशी भावजी पाने घेऊन गाडीखाली शिरले. हे खुर्चीत बसून एकेक बोल्ट सांगत होते. हाताखाली मी होते. गिअरबॉक्स उतरला तेव्हा जुनी प्लेट दिसली. पार झिजून काळीठिक्कर पडलेली. ह्यांनी ती मांडीवर घेतली, अंगठ्यानं चाचपली. फार दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा उजेड दिसला. भावजी मात्र सकाळपासून गप्प गप्प होते.

नवी प्लेट बसली, पण गिअरबॉक्स काही केल्या परत जागेवर जाईना. आम्ही दोघं रेटून रेटून दमलो. तेवढ्यात हे खुर्चीतून खाली घसरले आणि उजव्या कोपरावर सरपटत गाडीखाली आले.

"अहो, काय करताय?"

"गप. वर उचल थोडं. आता ढकल."

त्यांनी उजव्या हातानं जरासा हिसका दिला आणि गिअरबॉक्स खटकन बसला.

सगळं आवळून झाल्यावर ते म्हणाले, "मला वर बसवा."

भावजी हळूच म्हणाले, "दादा, आज नगं."

"बसव म्हनतो ना."

आम्ही दोघांनी त्यांना उचलून स्टेअरिंगसमोर बसवलं. त्यांनी उजव्या हातानं डावा पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. पाय तसाच राहिला. मग गुडघ्यावर हात ठेवून दाबायला लागले. पाय घसरून खाली पडला. परत ठेवला, परत पडला.

मला गाडी येत नाही. क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो, हे मला त्या क्षणी कळलं. भावजींना ठाऊक होतं. ह्यांनाही ठाऊक असणारच.

मग समोर बघतच हे भावजींना म्हणाले, "तूच चालव आता."

खाली उतरवल्यावर मी त्यांचे हात धुवायला घेतले. उजवा ग्रीसनं माखला होता. डाव्याला डागही नव्हता. तरी मी दोन्ही धुतले, साबण लावून.

गाडी आता भावजी चालवतात. चढाला चांगली ओढते म्हणतात. ह्यांनी तिच्याबद्दल अजून एकदाही विचारलेलं नाही.