आधी स्तुती, मग सूचना

आमच्या भजनी मंडळात नवी चाल बसायला महिने लागतात. किस्से मात्र दर गुरुवारी तयार होतात, आणि त्यांना सराव लागत नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात टाळ वाजवता वाजवता मी ते जमवत आले आहे.

बहुतेक किश्श्यांचे मूळ एका नियमात आहे. सराव संपल्यावर, चहा येण्यापूर्वी, आम्ही एकमेकींना सूचना करतो. अध्यक्ष मालतीबाईंनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकले की टीका करण्यापूर्वी स्तुती करावी, म्हणजे समोरचीला लागत नाही. तेव्हापासून प्रत्येकीने आधी एक गुण सांगायचा आणि मगच दोष काढायचा, असे ठरले.

परिणाम असा झाला की आमच्यात कोणी कोणाची स्तुती केली की ऐकणारीचा चेहरा उतरतो. मागे एका लग्नात मी मालतीबाईंना म्हटले, "पैठणी छान आहे हं तुमची." त्यांनी घाईघाईने पदर तपासला, निऱ्या तपासल्या आणि हळूच विचारले, "कुठे डाग पडलाय का?"

*

सुनंदाबाई हा नियम अक्षरशः पाळतात. वैशाली नावाची ओझरला कारखान्यात नोकरी करणारी मुलगी नव्याने आली, तेव्हा पहिल्याच गुरुवारी त्या तिला म्हणाल्या, "अगदी माझ्या आत्याची आठवण करून दिलीस."

"थँक यू, काकू. गायच्या का त्या?"

"छे. तिला गळ्याचा त्रास होता."

वैशाली पुढच्या गुरुवारी आली नाही. मालतीबाईंनी जाब विचारला, तर सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "आत्याची आठवण झाली म्हटलं. याहून गोड सुरुवात कशी करायची?"

*

समजूत काढल्यावर वैशाली परत आली. मखमलाबादला ज्यांचे फुलांचे मळे आहेत त्या मंदाबाई आमच्याकडे ढोलकी वाजवतात. त्यांनी तिला सरळच सांगितले, "तू डोळे मिटून गाती, म्हणून माझा इशारा तुला दिसत नाय अन् सम चुकती. डोळे उघडे ठेव."

वैशालीला एकदम पटले. मालतीबाईंना मात्र पटेना. "मंदाबाई, स्तुती राहिली. सूचना नियमात बसत नाही, मागे घ्या."

मंदाबाईंनी क्षणभर विचार केला. "बरं. पोरी, डोळे लय छान हायेत तुझे. उघडे ठेव."

*

एकदा कोणीतरी धीर करून मालतीबाईंनाही सूचना केली. त्यांचा आवाज भारदस्त आहे, फक्त प्रास्ताविक किंचित लांबते. मालतीबाई मुळीच रागावल्या नाहीत. मोठ्या मनाने उभ्या राहिल्या आणि टीका कशी स्वीकारावी यावर बोलू लागल्या. त्या खाली बसल्या तेव्हा चहाची किटली पुन्हा गॅसवर चढवावी लागली आणि उरलेल्या सूचना पुढच्या गुरुवारवर गेल्या.

*

यंदा त्र्यंबकेश्वरच्या भजन स्पर्धेत उतरायचे ठरले आणि खरी अडचण उभी राहिली. आमच्या मुख्य गायिका पुष्पाताई स्वर सोडून गाऊ लागल्या होत्या. त्यांचा डावा कान अधू झाला होता. डावीकडून चहा विचारला तर उत्तर येत नसे. उजवीकडून विचारला तर साखर किती हेही सांगत. हे त्यांना स्वतःला मान्य नव्हते आणि त्यांच्यासमोर कान हा शब्दही काढण्याची सोय नव्हती. यजमान गेल्यापासून त्यांचा एकही गुरुवार चुकलेला नाही. त्या दिवशी त्या सकाळीच आंघोळ आटोपून, कपाट उघडून, संध्याकाळची साडी ठरवतात.

सूचनांची वेळ आली की आम्ही एकेक जणी म्हणत असू, "ताई, तुमचे पाठांतर चोख आहे." आणि गप्प बसत असू. नियमाचा पूर्वार्ध इतक्या निष्ठेने कधीच पाळला गेला नव्हता.

शेवटी जिन्यात सुनंदाबाईंनी जाहीर केले, "येत्या गुरुवारी मीच सांगते. एक वाक्य पुरे होईल." त्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. ते वाक्य ऐकल्यावर पुष्पाताई मंडळाची पायरी पुन्हा चढल्या नसत्या.

त्या गुरुवारी सराव सुरू होण्यापूर्वी आमची पेटीवाली रोहिणी उठली. पेटी नेहमी पुष्पाताईंच्या डाव्या हाताला असे. रोहिणीने ती उचलली, वळसा घातला आणि त्यांच्या उजव्या हाताला ठेवली.

"काय गं, आज इकडे?" पुष्पाताईंनी विचारले.

"तिकडे पंख्याचा वारा लागतो, ताई."

पंखा बंद होता. कोणी वर पाहिले नाही.

रोहिणीने स्वर दिला आणि पुष्पाताईंनी तो घेतला. अभंग संपेपर्यंत तो कुठेही सुटला नाही. मंदाबाईंची ढोलकी थांबली. सुनंदाबाईंनी तोंड उघडले आणि त्यात लवंग टाकून मिटले.

सूचनांची वेळ झाली. पुष्पाताई रोहिणीकडे वळल्या आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"हात गोड आहे तुझा, रोहिणी. पण गेले काही महिने पेटी जरा उतरलेली वाजवत होतीस. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही हो. आज मात्र अगदी सुरात होतीस."

"हो, ताई," रोहिणी म्हणाली. "आता इथेच बसत जाईन."