भिंतीपलीकडची साईट

नंदूदादा गेल्याची बातमी मला माणसांच्या आधी त्याच्या वेबसाईटनं दिली होती, पण मला ती वाचता आली नाही. परळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. सकाळी पंखे सुरू झाले, वर्तमानपत्रं दांडीला लागली, की मी टेबलावरच्या संगणकावर त्याच्या मसाल्याच्या दुकानाची साईट उघडायचे. बरीच वर्षं हे चाललं होतं. आपल्याला न आवडणाऱ्या शेजाऱ्याच्या खिडकीत दिवा लागला का हे माणूस बघतो, तसं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी साईटच्या जागी लाल खुणेचं पान आलं... ही जागा सुरक्षित नाही, इथे तुमची माहिती चोरली जाऊ शकते, परत फिरा. प्रत्येक साईटला एक प्रमाणपत्र असतं. त्याची मुदत संपली आणि नवं घेतलं नाही, की ब्राउझर येणाऱ्या प्रत्येक माणसाला दारातच असं घाबरवतो. चुकला एकदाचा, असं मी मनात म्हणाले आणि चहा मागवला. त्या दिवशीचा चहा मला चांगला लागला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच पान, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. नंदूदादा चुकणारा माणूस होता, पण चूक दुसऱ्या दिवसापर्यंत राहू देणारा नव्हता. आठवडा संपता संपता माझ्या भावाचा, संजयचा फोन आला. "ताई, पलीकडचा नंदू गेला. बरेच दिवस हॉस्पिटलात होता म्हणे. आपल्याला कोण सांगणार?"

बाराव्याला मी काळाचौकीच्या हॉलमध्ये जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. मनमिळाऊ माणूस होता हो, असं शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांचा नंदूदादाशी कधी संबंध आला नसावा. तो खवचट होता, हट्टी होता, आणि समोरच्याचं दुखतं कुठे हे त्याला बघताक्षणी कळायचं. तो माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. आजोबांचं लालबागला मसाल्याचं दुकान होतं आणि आम्ही सगळी मुलं सुट्टीत तिथेच पडलेली असायचो. मी कोपऱ्यात वाचत बसायचे. माझं पुस्तक पळवून तो ब्याडगी मिरचीच्या पोत्यात खुपसून ठेवायचा. पुस्तक मिळायचं, पण पानं उलटली की बोटं चुरचुरायची, आणि त्याच बोटांनी डोळे पुसले की रडण्याचं खरं कारण कुणाला सांगता यायचं नाही. "शिकलेल्या बाईच्या डोळ्यात पाणी कशाला गो?" असं तेव्हापासून विचारायचा. मी तेव्हा पाचवीत होते.

आजोबांनंतर दुकान फुटलं. वडील आणि काका यांच्यात नेमकं काय झालं ते मला कधी नीट कळलं नाही, त्या दोघांनाही कळलं असेल असं वाटत नाही. एका गाळ्याच्या मधोमध भिंत आली, तीही एका विटेची. इकडचं कांडप सुरू झालं की तिकडच्या बरण्या थरथरायच्या. दोन्ही दारांवर पाट्या लागल्या आणि दोन्ही पाट्यांवर एकच मजकूर होता: मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही. गिऱ्हाईक दोन पाट्यांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडे बघायचं आणि शेवटी ज्या बाजूला सावली असेल तिकडे शिरायचं.

मोठे गेल्यावर इकडे संजय बसू लागला आणि तिकडे नंदूदादा. नंदूदादानं एका कंपनीत संगणकाचं काम केलं होतं. वेबसाईटी सर्चमध्ये वर याव्यात म्हणून त्यांच्या आतली दुखणी शोधायची आणि दुरुस्त करायची, असं ते काम. नोकरी सोडून तो दुकानात आला आणि आल्या आल्या दुकानाची साईट केली. पाठोपाठ संजयनं आमची करून घेतली आणि तिच्यासाठी मी आजोबांची गोष्ट लिहिली. मालवणहून बोटीनं आलेला मुलगा, माझगावच्या गोदीत हमाली, संध्याकाळी खोलीत बायकोनं भाजलेल्या मसाल्याच्या पुड्या... मी सावकाश लिहिते. त्या एका पानावर मी सबंध उन्हाळा घालवला होता. साईट सुरू झाली आणि आठवड्याभरात ते पान शब्दन् शब्द नंदूदादाच्या साईटवर दिसलं. मी त्याला फोन केला.

"माझं लिखाण काढ तिथून."

"कसलं लिखाण?"

"आजोबांचं. शब्द माझे आहेत ते."

"शब्द तुझे गो, सुमे," तो शांतपणे म्हणाला. "आजो माझो पण होतो."

आम्ही एकमेकांशी बोललो ते हे शेवटचं. पुढे झालं ते आणखी वाईट. दोन साईटींवर एकच मजकूर असला की सर्च इंजिन दोन्ही दाखवत नाही. त्यातलं एक मूळ धरतं आणि दुसऱ्याला नक्कल समजून मागे ठेवतं. नंदूदादाची साईट आमच्या आधीची होती, तिची बांधणी नेटकी होती, शिवाय त्यानं त्या पानाच्या वरच्या भागात, वाचणाऱ्याला दिसत नाही अशी एक ओळ लिहून ठेवली होती की या मजकुराचं मूळ पान हेच. अशी ओळ असते हेच मला ठाऊक नव्हतं. आजोबांच्या गावाचं नाव घालून शोधलं की नंदूदादाचं पान यायचं आणि माझं कुठेच नसायचं. जिनं लिहिलं ती नक्कल ठरली. आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक देत आलेल्या बाईला याचा किती राग यावा... तो मला आला. मी माझं पान नव्यानं लिहिलं, ते जमलं नाही, पुन्हा लिहिलं, तेही पहिल्यासारखं झालं नाही. आणि त्या रागाच्या भरात मी त्याची विद्या शिकायला बसले.

पुस्तकांवरून शिकले, पण खरं शिकले ते त्याच्या साईटवरून. कुठल्याही पानामागची बांधणी बघता येते, आणि मी त्याची रोज बघायचे. त्यानं मिरच्यांच्या पानाचा पत्ता का बदलला, फोटोंखाली काय लिहिलं, तुटलेले दुवे कुठे जोडले, हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असायचं. तोही आमची बघत होता. मी शंकेश्वरी मिरचीवर पान केलं की चार दिवसांत त्याचं यायचं, माझ्यापेक्षा चांगलं. एकदा त्यानं सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि घाईत जुन्या पत्त्यावरून नव्या, नव्यावरून आणखी नव्या असे वळसे ठेवले. येणारा माणूस तीन दारं फिरून आत पोचायचा आणि बरेच जण कंटाळून दुसऱ्याच दाराला परत फिरायचे. मला ते दिसलं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि आजही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

त्याची तऱ्हा मात्र वेगळी होती. संजयनं मला न विचारता कुण्या नव्या मंडळींकडून साईट बदलून घेतली आणि ऐन एप्रिलात आम्ही सर्चमधून नाहीसे झालो. एप्रिल-मे म्हणजे आमचं वर्ष. पावसाच्या आत वर्षाचा मसाला भरून ठेवणारी घरं याच दिवसांत दुकान शोधतात. साईट बनवणारे म्हणाले, थांबा, येईल आपोआप. मी सगळं तपासलं, मला काही सापडेना. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून निरोप आला. "तुमच्या दाराला आतून कडी आहे. साईट बांधताना सर्च इंजिनला बाहेर ठेवायची जी ओळ घातली, ती काढायला विसरलेत. काढ ती. मेलेल्याला हरवण्यात मजा नाही." मी ती ओळ काढली. आभार मानले नाहीत. त्यानंही पुढे काही लिहिलं नाही, आणि त्या सीझनला त्यानं आम्हाला व्यवस्थित हरवलं.

यंदा मार्चमध्ये संजय खुशीत होता. नंदूदादाची साईट लाल पानामागे गेली होती, सर्चमध्येही घसरत होती, आणि मालवणी मसाला, लालबाग असं शोधलं की आम्ही सगळ्यात वर. रविवारी मी दुकानात गेले तेव्हा तो म्हणाला, "अजून आहे पुढे. त्यांच्या साईटच्या नावाचं रजिस्ट्रेशन पण संपेल आता, भरणार कोण? नाव सुटलं की आपण घेऊ. तिकडे जाणारा प्रत्येक माणूस सरळ आपल्याकडे. तुला येतं ना ते वळवायला?"

"येतं."

"मग झालं."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मंगलवहिनींचा आवाज आला. नंदूदादाची बायको. फोनवर कुणाला तरी समजावत होत्या. "अहो ताई, आम्ही कशाला चोरू तुमची माहिती? मसाला विकतो आम्ही... नाही हो, ते काय लाल येतंय ते मला नाही कळत... दरवर्षी घेता ना तुम्ही आमच्याकडून? मग?" समोरच्या बाईनं फोन ठेवला असावा. संजय हसला. "आता चोर पण झाले," म्हणाला. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडून शेजारच्या पायऱ्या चढले. भिंत पडल्यापासून... म्हणजे उभी राहिल्यापासून, मी त्या दारातून आत गेले नव्हते.

वहिनी गल्ल्यावर होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी तराजू पुसायला घेतला.

"बंद पडलेलं बघायला आलात काय वन्सं?"

"बघितलंय ते. सुरू करायला आलेय."

"का?"

"सीझन आहे," मी म्हटलं.

"सीझन तुमचापण आहे."

"आमची चालू आहे."

"माहितेय. भिंतीतून हसणं ऐकू येतं." त्यांनी तराजू खाली ठेवला. "तुम्ही वर जाऊन काय बिघडवलंत तर मला कळणारपण नाही."

"नाही कळणार."

"मग मी मागे उभी राहणार."

"राहा."

पोटमाळ्यावर त्याची जागा होती. टेबल, खुर्ची, आणि मिरचीची धूळ बसून तांबूस झालेला कीबोर्ड. मी बसले आणि मला शिंका आल्या. वहिनी मागे उभ्या राहिल्या, खरोखरच, हाताची घडी घालून. दोन्ही साईटींची नावं लालबागवरूनच सुरू होतात. मी त्याच्या साईटचं पहिलं अक्षर टाईप केलं आणि ब्राउझरनं उरलेलं स्वतःच पुरं केलं. माणूस जिथे सगळ्यात जास्त जातो ती जागा ब्राउझर आधी पुढे करतो. त्यानं आमची साईट पुढे केली. त्याची तिच्याखाली होती.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. आमचीच साईट येतेय."

"येणारच. पूजा आटपली की पहिली तीच उघडायचे, शिव्या घालत घालत. सुमीनं परत फोटो न दाबता चढवले, पान उघडेस्तोवर गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं, असलं काय काय मला सांगायचे. हॉस्पिटलात पण फोन मागायचे, मी दिला नाही."

फोटोंचं बरोबर होतं. आमचे फोटो जडच होते.

दुपारभर काम चाललं. प्रमाणपत्र नवं करून घेतलं आणि पुढे ते आपोआप नवं होत राहील अशी सोय केली. नावाची मुदत वाढवली. त्यासाठीचे आकडे नंदूदादाच्या फोनवर आले, तो फोन वहिनींनी चार्ज करून कनवटीला ठेवला होता. मग ते पत्त्यांचे वळसे सरळ केले. आजोबांचं पानही उघडलं. माझ्या पहिल्या खर्ड्यातला एक शब्द त्यानं इकडचा तिकडे केला नव्हता. आमच्या साईटवर तो खर्डा कधीच उरला नाही, मीच तो मोडून मोडून बिघडवला होता. मूळ म्हणावं असं पान आता फक्त इथेच होतं. मी ते सबंध वाचलं आणि बंद केलं.

संध्याकाळी लाल पान जाऊन दुकान दिसू लागलं. वहिनी पुढे वाकून बराच वेळ बघत राहिल्या. चांगलं झालं असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "झालं ना? मग उठा आता. ती त्यांची खुर्ची आहे."

मी उठले.

त्याची साईट आता पुन्हा आमच्या वर आहे. का, हे मी संजयला सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी अधूनमधून रविवारी पोटमाळ्यावर जाते. साईट म्हटली की काही ना काही तुटतच असतं. वहिनी चहा विचारत नाहीत आणि मला तो नकोही असतो. पहिल्यांदा गेले त्याच्या पुढच्या खेपेला टेबलाजवळ प्लास्टिकचं एक स्टूल ठेवलेलं होतं. खुर्ची कीबोर्डसमोर आहे तिथेच आहे, ती हलवायची नाही. मी बाजूच्या स्टुलावर बसते आणि खुर्चीच्या हातावरून पुढे वाकून, कसाबसा हात पोचवून टाईप करते.